नकाराचा मान

उपवासाची थोरवी ज्या समाजाने शतकानुशतके गायिली, त्या समाजात ‘मला जेवायला नको’ हे वाक्य संशयाने ऐकण्याची सवय कोणास असावी? संकष्टी, एकादशी, हरतालिका, नवरात्राचे नऊ दिवस, कोणाचा मंगळवार तर कोणाचा गुरुवार, अशी आमची वर्षे न खाण्याच्या दिवसांनी मोजली जातात. एकादशीस दुप्पट खाणाऱ्यावर आम्ही म्हण रचली. परंतु द्वादशीसही न जेवणाऱ्यावर रचलेली म्हण निदान आमच्या तरी ऐकिवात नाही. खादाडाची थट्टा आणि निराहाराचे कौतुक हा आमचा जुना शिरस्ता होय. त्यात अलीकडे सडपातळपणाच्या हौसेची भर पडली. घाटकोपरहून अंधेरीमार्गे वर्सोव्यास जाणारी मेट्रो २०१४ साली सुरू झाली. तीत एका टोकास चढून दुसऱ्या टोकास उतरावे, तर इकडे पर्युषणात आठ-आठ दिवस निराहार राहणारांच्या मिरवणुका आणि तिकडे व्यायामशाळा व चित्रपटांची कचेरी. एकीकडे पुण्याकरिता उपवास, तर दुसरीकडे रूपाकरिता. मधल्या स्थानकांवर राहणारी आपणां सर्वांची मुले दोन्हीकडचे कौतुक ऐकत वाढतात.

तेव्हा उपनगरातील एखाद्या सुशिक्षित घरात मुलीने पानातून एकेक पदार्थ दूर सारावयास आरंभ केला, तर पहिले काही महिने त्या घरात आनंदच असतो, यात नवल नाही. आम्ही लिहू इच्छितो ते त्यानंतरच्या काळाविषयी. शहाण्या आणि सज्ञान मनुष्याने उच्चारलेला ‘नको’ हा शब्द आपण कोठवर मानावा? त्या शब्दाचा मान राखला म्हणजे त्या मनुष्याचा मान राखला, असे होते काय? आम्ही तत्त्वज्ञान शिकवितो. हा प्रश्न फळ्यावर लिहून त्याची उत्तरे मुलांकडून घेणे हा आमचा कित्येक वर्षांचा व्यवसाय. परंतु तोच प्रश्न जेव्हा हाडामांसाचा होऊन आमच्या दाराशी आला, तेव्हा आम्ही त्याचे उत्तर चुकविले.

काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गात मुलुंडची एकोणीस वर्षांची एक विद्यार्थिनी होती. ओळख पटेल असे तपशील आम्ही येथे गाळीत आहो. त्या वर्षी जॉन स्टुअर्ट मिल याचा १८५९ सालचा स्वातंत्र्यावरील निबंध अभ्यासास होता. ज्या गोष्टीचा परिणाम केवळ आपल्या स्वतःवर होतो तीत मनुष्याचा धनी तो स्वतःच. त्याच्या भल्याकरिता म्हणूनसुद्धा त्याच्यावर जुलूम करण्याचा हक्क समाजास नाही, हा त्यातील सिद्धांत या मुलीने परीक्षेत इतक्या स्वच्छपणे मांडला होता की, तिची उत्तरपत्रिका आम्ही इतरांस वाचून दाखविली. नवरात्रानंतर ती बारीक होत चालली होती. आम्हीही एकदा ‘हल्ली प्रकृतीकडे बरेच लक्ष दिलेले दिसते’ असे तिला कौतुकाने म्हणालो होतो, हे आम्हांस पुरते आठवते. जानेवारीत एके दिवशी तिची आई आमच्या खोलीत आली. बसा म्हटले तरी उभीच राहिली. म्हणाली, “सर, ती घरात कुणाचं ऐकत नाही, तुमचं ऐकते. तिला जेवायला सांगा.” आम्ही म्हणालो, “बाई, ती आता लहान नाही. तिच्या मागे लागू नका. तिला काय हवे, काय नको, हे तिचे तिला ठरवू द्या.” आई थोडा वेळ गप्प राहिली, मग जाता जाता एवढेच बोलली, “तुम्ही म्हणता तसं असेल. पण भूक नाही म्हणते, आणि रात्री दोन-दोन वाजेपर्यंत फोनवर स्वयंपाकाच्या कृती बघत बसते. आम्हांला करून वाढते, आणि स्वतः तोंडात घालत नाही. हे कसलं?”

या प्रश्नातच सारा पुरावा होता. परंतु आम्ही मिलच्या बाजूने बोलत होतो. समोरच्या बाईचे ऐकत नव्हतो.

पुढे तीन आठवड्यांच्या आत ती मुलगी रेल्वे स्थानकाच्या जिन्यावर कोसळली. इस्पितळात नेले तेव्हा नाडीचे ठोके मिनिटास चाळिसाच्याही खाली गेले होते. रोगाचे नाव ॲनोरेक्सिया नर्व्होसा. १८७३ साली लंडनच्या विल्यम गल या वैद्याने आपल्या निबंधात हे नाव योजिले, आणि त्याच वर्षी पॅरिसच्या लासेग यानेही हाच रोग निराळ्या नावाने वर्णिला. मानसिक व्याधींपैकी ज्या सर्वांत अधिक बळी घेतात त्यांत हिची गणना होते. आणि यातील मृत्यू केवळ उपासमारीनेच येतात असेही नव्हे, साधारणतः पाचांपैकी एक मृत्यू आत्महत्येने होतो. हे आम्हांस ठाऊक नव्हते. ‘मुलींचे चोचले’ यापलीकडे या विषयाची आमची समजूत गेलेली नव्हती, हे कबूल केलेलेच बरे.

छांदोग्य उपनिषदात श्वेतकेतूची एक गोष्ट आहे. आम्ही ती तरुणपणी वाचली, पुढे शिकविलीही. तिचा अर्थ मात्र आम्हांस फार उशिरा कळला. उद्दालक आरुणी आपल्या मुलास सांगतो की, पंधरा दिवस काही खाऊ नकोस, पाणी मात्र यथेच्छ पी. पंधरा दिवसांनी मुलगा येतो. बाप म्हणतो, आता ऋचा, यजुस् आणि सामे म्हण. मुलगा म्हणतो, मला काहीच आठवत नाही. तेव्हा बाप म्हणतो, मोठ्या अग्नीचा काजव्याएवढा निखारा उरावा आणि त्याने फारसे काही जळू नये, तशी तुझ्या सोळा कलांपैकी एकच उरली आहे, जा, जेव. मुलगा जेवतो आणि मग बाप जे जे विचारील ते ते सांगतो. मन हे अन्नाचे बनलेले आहे, हा त्यातील बोध. आम्ही तो सृष्टिविद्येचा एक जुनाट तुकडा म्हणून वाचला होता. परंतु नीट पाहिले तर तो सरळसरळ प्रयोग आहे. बापाने मुलास प्रवचन दिले नाही. अन्न काढून घेतले, काय होते ते पाहिले, अन्न परत दिले, आणि पुन्हा काय होते तेही पाहिले.

हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर १९४४–४५ साली अमेरिकेत मिनेसोटा येथे झाला. महायुद्धात उपासमार झालेल्या लोकांस पुन्हा कसे पोसावे हे कळावे म्हणून ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुण निवडले. शस्त्र धरणे आपल्या विवेकास पटत नाही म्हणून सैन्यात जाण्याचे नाकारलेले हे लोक. म्हणजे स्वतःच्या ‘नको’ची किंमत पुरती जाणणारे. त्यांस चोवीस आठवडे सुमारे निम्म्या आहारावर ठेविले. त्यांचे वजन जवळजवळ चतुर्थांशाने घटले. हे अपेक्षितच होते. परंतु मनाची जी गत झाली ती कोणी कल्पिली नव्हती. हे तरुण चिडखोर, उदास आणि एकलकोंडे झाले. त्यांस सतत थंडी वाजे. अन्नावाचून दुसरा विषय त्यांच्या डोक्यात राहीना. एकेक घास चिवडीत ते तासन्‌तास पानावर बसत. कित्येकजण पाकशास्त्राची पुस्तके जमवू लागले आणि रात्री ती वाचीत पडू लागले. एकाने तर त्या प्रयोगात कुऱ्हाडीने स्वतःची बोटे तोडून घेतली; ती अपघाताने तुटली की मुद्दाम तोडली, हे त्याचे त्यालाही निश्चयाने सांगता येईना.

रात्री दोनपर्यंत स्वयंपाकाच्या कृती पाहणारी मुलगी या वर्णनात वाचकांस ओळखू आली असेल. मिनेसोटातील तरुणांस बारीक व्हावयाचे नव्हते. त्यांस कोणतीही मानसिक व्याधी नव्हती. तरीही केवळ अन्न कमी झाल्याने त्यांची मने अशी झाली. म्हणजे ज्यास आपण रोग्याचा हट्टी स्वभाव म्हणतो, त्यातील बराच भाग हा त्या मनुष्याचा स्वभावच नव्हे. तो उपासमारीचा स्वभाव आहे. उपासमारीने मन आखडते, आखडलेले मन अन्न अधिकच नाकारते, आणि त्या नकाराने उपासमार वाढते. या चक्रात शिरताना मुलीने काही ठरविले असेलही. पण चक्र फिरू लागल्यावर आतून येणारा ‘नको’ हा तिचाच, असे कोणत्या आधारावर म्हणावे? आम्ही श्वेतकेतूस पंधराव्या दिवशी वेद विचारीत होतो, आणि तो जे म्हणेल ते त्याचे स्वतंत्र मत म्हणून मान्य करीत होतो.

मिलवर सारा दोष लोटावा, तर तेही न्यायाचे होणार नाही. त्याच निबंधात धोक्याच्या पुलाचा दाखला आहे. पूल मोडकळीस आलेला, मनुष्य त्यावर पाऊल टाकणार, आणि त्याला सावध करण्यास वेळ नाही. तर त्याला धरून मागे ओढण्याने त्याच्या स्वातंत्र्याचा भंग होत नाही. कारण नदीत पडावे अशी त्याची इच्छाच नाही. (२०१८ च्या जुलैत अंधेरीच्या गोखले पुलाची पादचाऱ्यांची बाजू रुळांवर कोसळली; तेव्हापासून आमच्या वर्गात हा दाखला फार समजावावा लागत नाही.) परंतु मिल तेथेच एक पुस्ती जोडतो. धोका माहीत असूनही ज्यास जावयाचे आहे त्यास सावध करावे, अडवू नये. मात्र तो मूल नसावा, भ्रमात नसावा, विचारशक्ती गुंतून पडेल अशा अवस्थेत नसावा. ही पुस्ती आम्ही दरवर्षी परीक्षेच्या दृष्टीने ‘अपवाद’ म्हणून दोन मिनिटांत उरकीत असू. वास्तविक सारा प्रश्न त्या पुस्तीतच आहे.

येथे कोणी विचारील की, याच न्यायाने मग प्रत्येक उपवास हा रोग ठरेल आणि प्रत्येक उपोषण करणाराच्या नाकात नळी घालता येईल. ही शंका हलकी नव्हे, आणि इतिहासात तिला आधारही आहे. इरोम शर्मिला यांनी २००० सालच्या नोव्हेंबरात अन्न सोडले, आणि २०१६ च्या ९ ऑगस्टला मधाचे बोट चाटून उपोषण संपविले. मधली सारी वर्षे सरकारने त्यांस नाकातील नळीने जिवंत ठेविले. सल्लेखना अथवा संथारा हे आत्महत्येसमान आहे, असा निकाल राजस्थानच्या उच्च न्यायालयाने २०१५ च्या ऑगस्टात दिला, आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. अर्थात्, न खाणाऱ्या मनुष्याशी राज्याने कसे वागावे हा प्रश्न आमच्या देशात मुळीच मिटलेला नाही.

तरी आम्हांस यात एक भेद दिसतो. उपोषण हे कोणास तरी उद्देशून केलेले भाषण असते. ते ऐकणारा असतो, मागणी असते, आणि मागणी पुरली तर उपोषण सुटते. व्रत हे देवाजवळ वा गुरूजवळ दिलेले वचन असते. त्याला आरंभ असतो आणि पारणे असते, व आजारी, गर्भवती, लहान मूल यांस त्यातून सूटही असते. आमच्या मुलुंड-घाटकोपरच्या जैन शेजाऱ्यांकडे आठ दिवसांच्या उपवासानंतरच्या पारण्यास सारे आप्तेष्ट जमतात. उपवास करणाऱ्याची मुद्रा त्या दिवशी पाहावी! व्याधीच्या उपवासास पारणे नाही. तीत मागणी नसते, ऐकणारा नसतो, सूट नसते. अमुक वजन झाले म्हणजे थांबेन असे ती मुलगी म्हणते. ते वजन येते, आणि मर्यादा आणखी दोन किलोंनी खाली सरकते. जे वचन दिल्यानंतर मागणाराच पुन्हापुन्हा अट वाढवितो, त्यास वचन म्हणत नाहीत, खंडणी म्हणतात. बंदिवानांच्या उपोषणाविषयी जागतिक वैद्यक संघटनेने १९७५ साली टोकियो येथे जो जाहीरनामा केला, त्यातही मेख हीच आहे. न खाण्याचे परिणाम जाणून विवेकाने निर्णय करण्यास जो समर्थ आहे त्यास बळाने भरवू नये. म्हणजे पुन्हा आपण मिलच्या पुस्तीपाशीच आलो, समर्थ कोण?

आमच्या देशाच्या २०१७ सालच्या मानसिक आरोग्य कायद्याने या बाबतीत मोठी सावधगिरी ठेविली आहे. प्रत्येक मनुष्य आपल्या उपचाराचा निर्णय करण्यास समर्थ आहे असे कायदा प्रथम गृहीत धरतो. आणि इतरांस निर्णय चुकीचा वाटला एवढ्यावरून तो मनुष्य असमर्थ ठरत नाही, असेही स्पष्ट सांगतो. हे कलम आम्हांस मनापासून मान्य आहे. ज्या देशात जमिनीच्या वाट्यासाठी भावाने भावास वेडा ठरविण्याचे प्रकार घडले आहेत, तेथे असे कलम हवेच. परंतु या व्याधीची गंमत, खरे म्हणजे क्रूर थट्टा, अशी की येथे रोगी सर्व प्रश्नांची उत्तरे बरोबर देतो. आपले वजन किती, न खाल्ल्यास काय होईल, वैद्य काय सांगतो, हे आमची विद्यार्थिनी इस्पितळातील खाटेवरून घडाघडा सांगत होती. ऑक्सफर्डमध्ये जासिंटा टॅन यांनी अशा रोग्यांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. त्यांत आढळले ते हे की, या मुलींस माहिती सारी असते. बदललेली असते ती किमतींची उतरंड. मृत्यू वाईट, पण लठ्ठपणा त्याहून वाईट, असे त्या अगदी शांतपणे सांगतात. आणि वजन परतले म्हणजे त्यांतील कित्येकजणींस आपणच हे बोललो याचे नवल वाटते.

याच टॅन यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात २९ तरुणींस सक्तीच्या उपचाराविषयी विचारले. आम्ही समजत होतो की सक्ती झालेल्या मुली त्या सक्तीचा द्वेष करीत असतील. काहीजणी करीतही होत्या. पण बहुतांशी त्यांचे म्हणणे वेगळे निघाले. आपल्यावर किती निर्बंध घातले यापेक्षा ते कोणी आणि कशा रीतीने घातले, हे त्यांस महत्त्वाचे वाटत होते. ज्या परिचारिकेवर, ज्या आईवर विश्वास होता तिने दिलेला पेला त्यांस जुलूम वाटला नाही. आणि जेथे विश्वास नव्हता तेथे नुसता प्रश्न विचारणे हाही जुलूम वाटला. स्वातंत्र्य आणि सक्ती यांच्या मधोमध आम्ही वर्गात जी सरळ रेघ ओढीत आलो, ती या साक्षीपुढे टिकत नाही.

ही गोष्ट आम्हांस पुस्तकापूर्वी कळली ती घाटकोपरच्या एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडून. इस्पितळातून सुटल्यावर मुलगी त्यांच्याकडे जाऊ लागली, आणि मुलीच्या परवानगीने त्यांनी आम्हांसही एकदा बोलाविले. आम्ही अपराध्यासारखे गेलो. परंतु अपराध कोणाचा, या विषयात त्यांस काडीचेही स्वारस्य नव्हते. “दोष शोधायला वेळ नाही हो,” त्या म्हणाल्या, “आधी हिला सहा वेळा खायचं आहे.” दिवसांतून तीन जेवणे व तीन वेळा मधले खाणे, वेळा ठरलेल्या, आठवड्यास एकदा वजन, वैद्याकडून नाडी आणि रक्ताची तपासणी. प्रथम आईने पानाशी बसावे काय, हे त्यांनी मुलीस विचारले; आईस नव्हे. मुलगी दोन दिवसांनी हो म्हणाली. मग आईस शिकविले की वाद घालू नये, अन्नाचे गुण सांगू नयेत, रागावू नये, रडू नये, ‘हे तुझ्या अंगातल्या आजाराला कठीण जातं आहे, मला दिसतं, तरी एवढं खायचं आहे,’ असे म्हणून शेजारी बसून राहावे. अर्धा तास लागो की दोन तास लागोत. आजार निराळा आणि मुलगी निराळी, ही भाषा आम्हांस आरंभी थोडी बालिश वाटली. पण तिच्यामुळे आईस मुलीशी न भांडता आजाराशी भांडता येऊ लागले, हे आम्ही पाहिले आहे.

आईस असे औषधाच्या जागी बसविणे ही लहान गोष्ट नव्हे. गल याने आपल्या निबंधात आप्तांस या रोग्यांचे सर्वांत वाईट शुश्रूषक ठरविले होते. पॅरिसच्या शार्को याने तर मुलीस घरापासून तोडणे हाच उपाय मानला. विसाव्या शतकातही बरीच वर्षे आईच्या वागण्यात रोगाचे मूळ शोधण्यात गेली. हे सारे विद्वान हुशार होते आणि बहुधा दयाळूही होते. परंतु त्यांच्या मताची पारख झाली नव्हती. १९८७ साली लंडनच्या मॉड्स्ली इस्पितळातील मंडळींनी एका तुलनेचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. एका गटास एकट्याने उपचार, दुसऱ्यास कुटुंबासह; आणि रोग लहान वयात सुरू होऊन तीन वर्षांच्या आतला असेल, तर कुटुंबासह उपचाराने मुली अधिक सावरल्या. २०१० साली आहारविकारांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने कुटुंब हेच मूळ कारण असल्याचे मत जाहीरपणे नाकारले. २०१९ साली सुमारे सतरा हजार रोग्यांच्या जनुकांची छाननी होऊन रोगाशी निगडित अशा आठ जागा सापडल्या. त्यांतील काही धागे शरीराच्या चयापचयाशीही जोडलेले दिसले. म्हणजे सव्वाशे-दीडशे वर्षे ज्या आयांस आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, त्यांस तेथून बाहेर काढले ते कोणाच्या कळवळ्याने नव्हे. मोजून, तुलना करून, नोंदी ठेवून. मुलुंडच्या त्या बाईस शेजारणींनी ‘तुमचं लक्ष नव्हतं का?’ असे किती वेळा विचारले असेल! आणि आम्ही तरी दुसरे काय केले? तिचे लक्ष होते, हाच तिचा अपराध ठरविला.

दया आणि पुरावा यांची फारकत करण्याची आपणांस सवय आहे. दया हृदयाची, पुरावा डोक्याचा, असे आपण मानतो. या रोगात ती फारकत जिवावर बेतते. फार दिवस उपाशी राहिलेल्या देहास एकदम पोटभर अन्न दिले तर रक्तातील फॉस्फरस झपाट्याने खाली जातो, आणि हृदय बंद पडून मनुष्य दगावू शकतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस सुटलेल्या बंदिवानांत हा प्रकार वैद्यांच्या ध्यानी आला. आईने मायेने वाढलेले भरले ताट पहिल्या आठवड्यात विष होऊ शकते. ते किती आणि कसे वाढवीत न्यावे हे रक्ताची तपासणी सांगते, माया सांगत नाही. उलटपक्षी, ज्यांच्यापाशी आकडे आहेत पण अर्धा तास शेजारी बसून राहण्याचे धैर्य नाही, अशा लोकांनी भरविलेले अन्न मुली पुष्कळदा इस्पितळातून सुटल्यावर घालवून बसतात.

असे पुरावे आहेत म्हणून सारे सोपे आहे, असा भ्रम कोणी करून घेऊ नये. ॲनोरेक्सियाचे मूळ उखडील असे औषध अद्याप नाही. प्रौढांसाठी इंग्लंडच्या २०१७ सालच्या मार्गदर्शनात तीन निरनिराळ्या मानसोपचारांची शिफारस आहे. एकच एक उपचार सर्वांस लागू पडता तर तिहींची गरज नव्हती. शिवाय यातील बहुतेक पुरावा पाश्चात्त्य मुलींचा. १९९५ साली भारतीय मानसोपचारतज्ज्ञांनी पाच तरुणींची हकीकत छापली. त्यांनी अन्न टाकले होते, वजन कमालीचे घटले होते, पण आपण जाड आहो अशी भ्रांती त्यांस नव्हती. पोटात दुखते, उलटी होते, भूक नाही, एवढेच त्या सांगत. उलट फिजी बेटांवर १९९५ साली दूरचित्रवाणी पोहोचली आणि तीनच वर्षांत शंभरातील सुमारे अकरा शाळकरी मुली बारीक होण्यासाठी उलट्या करू लागल्याचे आढळले. आधी हे प्रमाण शून्य होते. आमच्या उपनगरांत आता दोन्ही तऱ्हा शेजारी शेजारी नांदत असतील. मुलगेही यातून सुटलेले नाहीत. दंड फुगविण्याच्या नादात अन्न वजन करून खाणारे तरुण आम्ही महाविद्यालयात रोज पाहतो, आणि त्यांस कोणी आजारी म्हणत नाही.

मानसशास्त्रज्ञ बाईंनी आम्हांस आणखी एक अभ्यास दाखविला होता. बोस्टनच्या रोग्यांचा बावीस वर्षे पाठपुरावा करून तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. नऊ वर्षांनी ॲनोरेक्सियाच्या रोग्यांपैकी शंभरात सुमारे एकतीस बऱ्या झाल्या होत्या. बावीस वर्षांनी सुमारे त्रेसष्ट. “लोक नवव्या वर्षी आशा सोडतात,” त्या म्हणाल्या, “आणि निम्म्या मुली त्यानंतर बऱ्या होतात.” ‘तिचे तिला ठरवू द्या’ असे आम्ही जेव्हा म्हणालो, तेव्हा आम्ही मुलीचा मान राखला असे समजत होतो; वस्तुतः तिच्या पुढल्या वीस वर्षांतील जी बाई बोलणार होती, तिला बोलूच न देता आम्ही सभा बरखास्त केली होती.

वर्षभर गैरहजर राहून ती मुलगी पुन्हा महाविद्यालयात आली. एके दिवशी दुपारी दीड वाजता आमच्या खोलीत येऊन तिने मिलचे पुस्तक परत केले. आम्ही म्हणालो, “त्या वेळी तुझ्या आईस आम्ही जे सांगितले ते चूक होते.” तिने मान हलविली, होय म्हणून की नाही म्हणून, हे आम्हांस कळले नाही. मग म्हणाली, “तेव्हा माझ्यावर न ओरडणारे तुम्ही एकटेच होता, सर. म्हणून तर मी डॉक्टरांना तुमचं नाव सांगितलं. पण तुम्ही तेव्हा मला अडवलं असतं, तर मी तुमच्या तासाला यायचं बंद केलं असतं.” यावर आम्हांस काय बोलावे ते सुचेना, अजूनही सुचलेले नाही.

तेवढ्यात तिने घड्याळाकडे पाहिले आणि पिशवीतून डबा काढला. दीडची वेळ तिच्या वेळापत्रकातील होती. पोळी, बटाट्याची भाजी, दही. खाणाऱ्याच्या पानाकडे पाहू नये, किती खाल्ले त्यावर बोलू नये, भलताच विषय काढावा, असे घाटकोपरच्या बाईंनी आम्हांस बजावले होते. आम्ही खिडकीकडे तोंड केले आणि मध्य रेल्वेच्या उशिरा धावणाऱ्या गाड्यांविषयी बोलू लागलो.